डोंगरासाठी हलकी रायफल: वजन कुठून काढावे, कुठे राहू द्यावे

डोंगरात शिकारीला जाणाऱ्यांच्या रायफलींबद्दल वाचताना दोन प्रश्न हमखास पडतात. पहिला: चार किलोंची रायफल आणि तीन किलोंची रायफल, एका किलोने असा काय फरक पडतो? दुसरा: पडत असेल, तर मिळेल ती सगळ्यात हलकी रायफल घेऊन मोकळे का होत नाहीत? पाठीवर सामान घेऊन घाटवाट चढलेल्या माणसाला पहिल्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे असे वाटते. पण गणित मांडले की ते अपेक्षेपेक्षा वेगळे निघते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हे संपूर्ण प्रकरण. वजन कमी करणे सोपे असते. कुठले वजन काम करते आहे आणि कुठले नुसतेच सोबत येते आहे, हे ओळखणे अवघड असते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगणे किंवा बनवणे गुन्हा आहे. त्यामुळे हे प्रकरण जिथे अशी शिकार कायदेशीर आहे तिथले आहे. ‘रायफल बांधणे’ याचा अर्थही इथे परवानाधारक गनस्मिथकडून सुटे भाग निवडून ते जुळवून घेणे एवढाच.

१. कुठला डोंगर, कुठला प्राणी?

उदाहरण म्हणून न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचे सदर्न आल्प्स घेऊ. या पर्वतांशी आपले एक नातेही आहे. तिथे ज्याच्या मागावर शिकारी चढतात तो हिमालयीन ताहर मूळचा आपल्या हिमालयातला. उत्तराखंडात केदारनाथच्या अभयारण्यात तो आजही कड्यांवर चरताना दिसतो आणि आपल्याकडे त्याला कायद्याचे कडक संरक्षण आहे. इंग्लंडच्या ड्यूक ऑफ बेडफर्डने भेट दिलेले काही ताहर १९०४ मध्ये न्यूझीलंडच्या माउंट कुक परिसरात सोडले गेले. पाठोपाठ १९०७ मध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ याने पाठवलेले शॅमॉय, म्हणजे आल्प्समधले डोंगरी हरिणासारखे प्राणी, त्याच भागात आले.

न्यूझीलंडमध्ये वटवाघळे सोडली तर जमिनीवर राहणारा एकही देशी सस्तन प्राणी नव्हता. खुरांच्या प्राण्यांची सवय नसलेल्या तिथल्या डोंगरी वनस्पतींचा ताहरांच्या कळपांपुढे टिकाव लागेना. म्हणून १९९३ च्या नियंत्रण आराखड्यात ताहरांची कमाल संख्या १०,००० ठरवण्यात आली. आपल्या घरी ज्याला जपायचे तोच प्राणी तिथे आवरायचा आहे. सरकारी मोहिमांबरोबरच हौशी शिकारीही या कामाला हातभार लावतात.

रायफल कशी हवी हे या प्रदेशावरूनच ठरते. तळाशी नदीचे गोट्यांनी भरलेले पात्र, त्यावर दाट झुडपे, मग घसरड्या गवताचे उतार आणि शेवटी कडे. ताहर राहतात त्या वरच्या टप्प्यात. पश्चिम उतारावर काही ठिकाणी वर्षाला १० मीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे आपल्या आंबोलीपेक्षाही अधिक. चढ उभा, हवा ओली, गोळी झाडण्याची संधी बहुधा एकदाच आणि अंतर बऱ्याचदा दोनशे-तीनशे मीटर. पुढचा प्रत्येक निर्णय या चार गोष्टींवर तपासून घ्यायचा.

२. एका किलोची खरी किंमत

एक किलो वजन १२०० मीटर उंच न्यायला किती ऊर्जा लागते? वजनाला उंचीने गुणायचे: ९.८ × १२००, म्हणजे जवळजवळ १२,००० ज्यूल. आपले स्नायू खाल्लेल्या ऊर्जेचा साधारण चौथा ते पाचवा हिस्साच प्रत्यक्ष कामात उतरवतात. तेव्हा शरीराला खर्च येतो ५०-६० हजार ज्यूल, म्हणजे १२ ते १४ किलोकॅलरी. एका ग्लुकोज बिस्किटात याहून जास्त ऊर्जा असते.

मग एवढा आटापिटा कशासाठी? कारण ते वजन शरीरावर कुठे असते, याला महत्त्व आहे. पाठीवरच्या पिशवीतले सामान कंबर आणि दोन्ही खांदे वाटून घेतात. रायफल एका खांद्यावर लटकते, पुढे वाकले की घसरून कोपरात येते आणि झुडपांत शिरताना तिची नळी फांद्यांत अडकते. गवताच्या उतारावर दोन्ही हात मोकळे हवेत, नेमका तेव्हाच एक हात तिला सावरण्यात गुंततो. परतीच्या वाटेवर पिशवीत मांस आणि कातड्याचा बोजा असतो, गुडघे थकलेले असतात. तोल जाण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत जास्त.

म्हणून डोंगराच्या रायफलीत ग्रॅमइतकेच महत्त्व लांबीला आणि तोलाला आहे. युरोपातल्या आल्प्समध्ये हे शहाणपण जुने आहे. ऑस्ट्रियाच्या श्टायर गावात बनणारी १९०३ ची मानलिखर-शोनाउअर कार्बाइन आखूड नळीची, सडपातळ आणि हाताळायला चपळ होती. तिथेच ‘किपलाउफ’ नावाची एकनळी रायफल रुजली. ती मधून मोडते, सुटी होते आणि पिशवीत मावते. तिच्यात एका वेळी एकच काडतूस बसते. तरीही शॅमॉयच्या मागावर जाणारे कित्येक शिकारी आजही तीच नेतात, कारण कड्याजवळ पोहोचेपर्यंत दोन्ही हात मोकळे राहतात.

३. हलकी रायफल जास्त का ढकलते?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. भरलेल्या हातगाडीला जोरात धक्का दिला तर ती जेमतेम सरकते. तेवढाच धक्का रिकाम्या गाडीला दिला तर ती सुसाट जाते. रायफलीचेही तसेच होते. गोळी आणि जळालेल्या दारूचा वायू पुढे जातात तेव्हा रायफल मागे ढकलली जाते. हा रेटा काडतुसावर ठरतो, रायफलीच्या वजनावर नाही. त्या रेट्याने रायफल किती वेगाने खांद्यावर येईल, ते मात्र वजनावर ठरते.

.३०८ विंचेस्टर हे १९५२ मध्ये बाजारात आलेले, जगभर वापरले जाणारे काडतूस घेऊ. त्यात ९.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८६० मीटर वेगाने निघते. तिचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, होतो ८.३. तिच्यामागून २.९ ग्रॅम दारूचा वायू साधारण सेकंदाला १५०० मीटर वेगाने बाहेर पडतो. त्याचा संवेग ४.४. एकूण १२.७. तेवढाच संवेग उलट दिशेने रायफलीला मिळतो.

रायफल ४.२ किलोंची असेल तर ती सेकंदाला ३ मीटर वेगाने मागे येते आणि खांद्यावर सुमारे १९ ज्यूल ऊर्जा आदळते. तीच रायफल ३ किलोंची केली तर वेग होतो ४.२ मीटर आणि ऊर्जा २७ ज्यूल. काडतूस तेच, गोळीही तीच. वजन सुमारे ३० टक्क्यांनी घटले आणि धक्का ४० टक्क्यांनी वाढला.

धक्क्याने खांदा दुखतो ही तक्रार दुय्यम आहे. खरे नुकसान नेमाचे होते. धक्क्याची भीती एकदा मनात बसली की चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे झेपावतो आणि गोळी निघण्याआधीच नळी हलते. तीनशे मीटरवर नळीची ती किंचित हालचाल म्हणजे हुकलेला नेम किंवा जखमी होऊन कड्याआड गेलेला प्राणी. दुसरी गोष्ट जास्त वाईट. ज्या जिवाचा प्राण घ्यायचा त्याला तडफडत ठेवू नये, ही शिकारीची पहिली जबाबदारी आहे. ती पाळता येत नसेल तर हलक्या रायफलीचा काही उपयोग नाही.

४. म्हणून काडतूस आधी ठरवा

हलकी रायफल बांधायला बसलेला माणूस बहुतेक वेळा नळी आणि दस्त्यापासून सुरुवात करतो. सुरुवात काडतुसापासून करावी, कारण वजन घटवून वाढलेला धक्का परत आवरता येतो तो इथेच.

तीन किलोंच्या रायफलीत तीन काडतुसे बसवून पाहू. .३०८ चा धक्का आत्ताच काढला: २७ ज्यूल. २००७ मध्ये आलेल्या ६.५ क्रीडमूरमध्ये ९.१ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८२० मीटर वेगाने जाते आणि दारू थोडी कमी लागते. त्याचा धक्का २१ ज्यूल, म्हणजे ४.२ किलोंच्या जुन्या रायफलीतल्या .३०८ च्या जवळपास. उलट १९६३ चे .३०० विंचेस्टर मॅग्नम घेतले तर ११.७ ग्रॅमची गोळी आणि भरपूर दारू मिळून धक्का ५२-५३ ज्यूलपर्यंत पोहोचतो. सवयीच्या नेमबाजालाही तो तीन किलोंच्या रायफलीत नकोसा होतो.

सत्तर-ऐंशी किलोंच्या ताहरासाठी तीनशे मीटरच्या आत .३०८, ७ मिमी-०८ रेमिंग्टन किंवा ६.५ क्रीडमूर पुरेशी आहेत. बांधणी योग्य असलेली गोळी योग्य जागी बसली पाहिजे, एवढीच अट. मॅग्नमची जादा ताकद लांबच्या पल्ल्याला उपयोगी पडते. पण त्या पल्ल्यावर नेम धरायची तयारी किती जणांची असते, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून घ्यावे.

या तीनही मध्यम काडतुसांचा आणखी एक फायदा आहे. त्यांची लांबी कमी असल्याने ती आखूड ॲक्शनमध्ये बसतात. ॲक्शन म्हणजे काडतूस आत सरकवणारा, बंद करणारा आणि पेटवणारा मधला यांत्रिक भाग. तो सव्वा-दीड सेंटिमीटरने आखूड झाला की बोल्ट, मॅगझिन आणि दस्ता सगळेच थोडे आटोपशीर होतात.

५. नळी: बारीक करावी की आखूड?

रायफलीतला सर्वांत जड सुटा भाग बहुधा नळी. तिचे वजन दोन प्रकारे कमी होते: लांबी कापून किंवा जाडी उतरवून.

५६ सेंटिमीटर लांब नळीची सरासरी जाडी २० मिलिमीटर धरली, तर पोलादाच्या घनतेवरून तिचे वजन येते सुमारे ११७० ग्रॅम. जाडी १७ मिलिमीटरवर आणली की ते ७९० ग्रॅम होते. केवळ तीन मिलिमीटर उतरवून ३८० ग्रॅम वाचले.

याउलट बारीक नळीच्या तोंडाकडचे पाच सेंटिमीटर कापले तर जेमतेम पन्नास ग्रॅम वाचतात. त्यासाठी गोळीचा वेग सेकंदाला साधारण पंधरा मीटरने घटतो आणि धमाका कानाच्या आणखी जवळ येतो. लांबी कमी करायची ती रायफल झुडपांत चपळ व्हावी म्हणून. वजनासाठी कापण्यात फारसा अर्थ नाही. ५१ ते ५६ सेंटिमीटरची नळी बहुतेक डोंगरी रायफलींना शोभते.

बारीक करण्याचीही किंमत मोजावी लागते. नळीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. २० वरून १७ मिलिमीटरवर येताना वजन एक तृतीयांशाने कमी होते, पण ताठपणा जवळपास निम्मा होतो. शिवाय बारीक नळी लवकर तापते. तापलेल्या नळीत थोडाही अंतर्गत ताण असेल तर ती किंचित वाकते आणि चौथी-पाचवी गोळी भलतीकडे जाते.

पण डोंगरावर चौथी-पाचवी गोळी झाडतो कोण? तिथे पहिली गोळी महत्त्वाची, फार तर दुसरी. चांगल्या पोलादाची, ताण नीट काढलेली बारीक नळी पहिल्या तीन गोळ्यांपुरती जाड नळीइतकीच भरवशाची असू शकते. चांदमारीवर दिवसभर गोळ्या झाडणाऱ्याने जाड नळी घ्यावी. ताहरामागे जाणाऱ्याने बारीक घ्यायला हरकत नाही.

बारीक पोलादी नळीवर कार्बन तंतूंचा थर चढवलेल्या नळ्याही आता मिळतात. त्या ताठ असतात आणि दिसतातही छान. पण बाहेरून जाड दिसणारी प्रत्येक कार्बन नळी सडपातळ पोलादी नळीपेक्षा हलकी असतेच असे नाही. घेण्यापूर्वी वजनकाट्यावर ठेवून पाहावी.

६. दस्ता: इथे बरेच वजन विनाकारण असते

अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता देखणा असतो. त्याचे वजन साधारण एक किलो भरते आणि तो पाणी पितो. सदर्न आल्प्सच्या पावसात लाकूड फुगते, नळीला कुठेतरी टेकते आणि घरी जुळवलेला नेम डोंगरावर सरकतो. केव्हलार किंवा कार्बन तंतूंचा, आतून फोम भरलेला दस्ता पाचशे-सहाशे ग्रॅममध्ये होतो आणि पावसाचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या मेल्विन फोर्ब्ज यांनी १९८० च्या दशकात हाच विचार शेवटपर्यंत नेला. ‘अल्ट्रा लाइट आर्म्स’ या त्यांच्या रायफली दुर्बिणीशिवाय अडीच किलोंच्याही आत बसत. पोलादाला जागोजागी भोके पाडून वजन उतरवण्याचा मार्ग त्यांनी घेतला नाही. काडतुसाच्या मापाची आखूड ॲक्शन नव्याने आखली आणि तिच्यासाठी अतिशय हलका पण ताठ दस्ता बनवला. दस्ता ताठ असेल तर त्याच्या आधाराने बारीक नळीही नीट वागते, हे त्यांनी दाखवून दिले.

इथे एक बारकावा समजून घेऊ. गोळी सुटताना नळी थरथरते. दस्ता तिला कधी टेकत असेल, कधी नसेल, तर थरथर दर वेळी वेगळी होते. यावर दोन उपाय आहेत. एक, नळी दस्त्यापासून पूर्ण मोकळी ठेवणे. दोन, तिला संपूर्ण लांबीभर एकसारखा आधार देणे. फोर्ब्ज यांनी दुसरा उपाय निवडला. बहुतेक कारागीर पहिला निवडतात. दोन्ही चालतात. अर्धवट टेकलेली नळी मात्र चालत नाही.

मोकळ्या नळीची पारख घरीही करता येते, अर्थात रायफल रिकामी असल्याची खात्री करूनच. एक नोट घडी न घालता नळी आणि दस्ता यांच्या फटीत पुढून सरकवावी. ती ॲक्शनपर्यंत कुठेही न अडकता गेली पाहिजे. मग नळी आणि दस्त्याचे टोक जिथे जवळ येतात तिथे बोट ठेवून ॲक्शनचा पुढचा स्क्रू हळूहळू सैल करावा. बोटाला नळी हललेली जाणवली, तर ॲक्शन दस्त्यात आखडून बसली आहे. अशा वेळी गनस्मिथ ॲक्शनखाली इपॉक्सीचा थर ओतून तिच्या मापाची बैठक तयार करतो. या कामाने वजन नगण्य वाढते आणि अचूकपणा खूप सुधारतो.

७. ॲक्शन, मॅगझिन आणि दुर्बीण

ॲक्शनवर हात जपून चालवावा. तीच काडतुसाचा प्रचंड दाब पेलते, त्यामुळे तिच्यातला धातू काढण्याचा प्रयोग घरी कुणी करू नये. टायटॅनियमची ॲक्शन पोलादापेक्षा चाळीस टक्क्यांहून थोडी अधिक हलकी होऊ शकते, पण ती महाग पडते. त्यापेक्षा साधी बचत म्हणजे तळाचे दार नसलेले मॅगझिन. काडतुसे वरून भरायची आणि वरूनच काढायची. पोलादी दार, बिजागरी आणि खटका गेला की वजनही गेले. बोल्टवर खाचा पाडल्या की आणखी थोडे. सगळे मिळून शंभर-दीडशे ग्रॅम वाचतात.

दुर्बिणीचे वजन पाहायचे लोक बरेचदा विसरतात. महागडी रायफल घेऊन चारशे ग्रॅम वाचवायचे आणि वर आठशे ग्रॅमची मोठी दुर्बीण चढवायची, असे सर्रास घडते. दोन-तीनपासून आठ-नऊ पटींपर्यंत मोठे दाखवणारी साधी दुर्बीण तीन-साडेतीनशे ग्रॅममध्ये मिळते आणि तीनशे मीटरला ती भरपूर आहे. मोठी दुर्बीण रायफलीचा तोल वर नेते. मग खांद्यावर टांगलेली रायफल आडवी फिरते आणि चढताना सारखी सावरावी लागते. एकच काळजी घ्यावी: हलक्या रायफलीला धक्का जास्त, म्हणून डोळा आणि दुर्बीण यांत निदान नऊ सेंटिमीटर अंतर राहील अशीच दुर्बीण घ्यावी. नाहीतर तिची कड भुवईवर आदळते.

८. ताळेबंद

आता सगळे एकत्र मांडू. आधी नेहमीची रायफल, मग तिची डोंगरी आवृत्ती. आकडे ग्रॅममध्ये, ढोबळ.

नळी: ११७० वरून ७९०
ॲक्शन, चाप आणि मॅगझिन: ११५० वरून १०००
दस्ता: ९५० वरून ६००
दुर्बीण आणि तिच्या पकडी: ६५० वरून ४२०
पट्टा आणि काडतुसे: २८० वरून १९०
एकूण: ४२०० वरून ३०००

हा हिशेब चढायला तयार असलेल्या रायफलीचा आहे. जाहिरातीत दिलेला आकडा रिकाम्या रायफलीचा असतो. त्यात दुर्बीण, पट्टा आणि काडतुसे नसतात. दोन रायफलींची तुलना करताना ही गफलत टाळावी.

आणखी एक पाहा. १२०० ग्रॅमपैकी जवळजवळ साठ टक्के बचत नळी आणि दस्ता या दोनच ठिकाणी झाली. पोकळ स्क्रू, टायटॅनियमचे छोटे तुकडे यांवर खर्च करण्याआधी ही दोन कामे करावीत. आणि जिथे वजन काम करते तिथे ते राहू द्यावे. दस्त्याच्या मागे लावलेल्या मऊ रबरी गादीचे वजन थोडेसेच असते, पण धक्का सौम्य करण्यात तिचा मोठा वाटा असतो. ती पातळ करू नये.

धक्का आवरायला नळीच्या तोंडाशी ब्रेक लावता येतो. तो वायू बाजूला वळवतो आणि धक्का बराच उतरतो. पण आवाज इतका तीव्र होतो की कानाला आणि शेजारी बसलेल्या सोबत्याला कायमची इजा होऊ शकते. न्यूझीलंडमध्ये ध्वनिशामक वापरण्याची पद्धत आहे. तो काहीशे ग्रॅम वाढवतो आणि लांबीही वाढवतो, पण धक्का आणि आवाज दोन्ही कमी करतो. वाचवलेले वजन खर्च करायला ही चांगली जागा आहे.

९. हलकी रायफल स्थिर कशी ठेवावी?

जड रायफल आपोआप स्थिर राहते. श्वास, हृदयाचे ठोके, वारा यांनी ती सहज हलत नाही. हलकी रायफल प्रत्येक गोष्टीला दाद देते. त्यातही बाराशे मीटर चढून धाप लागलेली असते.

म्हणून पहिली काळजी तोलाची. वजन उतरवताना सगळे पुढूनच उतरवले तर नळीचे तोंड हवेत भरकटते. रायफल दोन हातांमध्ये धरली की किंचित पुढे झुकावी, असा तोल ठेवावा. बारीक नळी ५१ पेक्षा ५६ सेंटिमीटरची घ्यावी असे काही अनुभवी लोक सांगतात, त्याचे कारण हेच. पुढचे पन्नास-साठ ग्रॅम इथे उपयोगी पडतात.

दुसरी काळजी चापाची. तीन किलोंच्या रायफलीचा चाप ओढायला अडीच किलोंचा जोर लागत असेल, तर जवळजवळ रायफलीच्या वजनाएवढा जोर आपणच तिच्यावर आडवातिडवा लावतो. एक ते दीड किलोंच्या दरम्यान जुळवलेला, स्वच्छ सुटणारा चाप हवा. हे काम कारागिराकडूनच करून घ्यावे. चाप फार हलका झाला तर थंडीने बधिर झालेल्या बोटाने नको त्या क्षणी गोळी सुटू शकते.

तिसरी काळजी आधाराची. डोंगरावर उभ्याने गोळी झाडू नये. पिशवी खडकावर ठेवावी, त्यावर रायफल टेकवावी आणि दस्त्याचा पुढचा भाग हाताने धरून ठेवावा. हलकी रायफल नुसती टेकवून सोडली तर गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच ती उसळते.

चढताना मात्र एकच नियम: काडतुसे मॅगझिनमध्ये असू द्यावीत, नळीचा कोठा रिकामा. प्राणी समोर असेल, आधार घेतला असेल आणि त्याच्या मागे गोळी अडवणारा डोंगर असेल, तेव्हाच बोल्ट चालवून काडतूस आत घ्यावे.

१०. किती अचूक पुरे? आणि पारख कशी करावी?

रायफलीची अचूकता मिनिटांत मोजतात. मिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर त्याचे होतात साधारण २.९ सेंटिमीटर. दीड मिनिटाची रायफल तीनशे मीटरवर आपल्या गोळ्या तेरा सेंटिमीटरच्या वर्तुळात ठेवते. ताहराच्या छातीतला मर्मभाग सुमारे वीस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे दीड मिनिट पुरे. अर्ध्या मिनिटाच्या हव्यासापायी जाड नळी घेऊ नये.

पण पारख थंड नळीने करावी. एक कागद जपून ठेवावा. चांदमारीला जाल त्या दर दिवशी पहिली गोळी त्याच कागदावर झाडावी आणि उरलेला सराव दुसऱ्या कागदावर करावा. काही आठवड्यांनी त्या कागदावर ज्या खुणा जमतील, तीच आपल्या रायफलीची आणि आपली खरी अचूकता. सलग पाच गोळ्यांच्या सुंदर गुच्छापेक्षा हा कागद डोंगरावर जास्त उपयोगी पडतो.

उताराचाही सराव हवा. गोळी किती खाली येईल ते आडव्या अंतरावर ठरते. ३५ अंशांच्या उतारावर तीनशे मीटर दिसणारा प्राणी आडव्या मापाने २४६ मीटरवर असतो. तीनशेचा हिशेब लावला तर गोळी दहा-बारा सेंटिमीटर वर जाते, म्हणजे मर्मभागाच्या काठावर किंवा बाहेर.

आता निवडीचा क्रम सांगता येईल. आधी प्राणी आणि अंतर, त्यावरून काडतूस. मग नळी आणि दस्ता. मग दुर्बीण. सर्वांत शेवटी बारीकसारीक भाग. प्रत्येक टप्प्यावर रायफल हातात घेऊन, गोळ्या झाडून पाहावी. ज्या वजनाच्या खाली आपला पहिल्या गोळीचा कागद बिघडू लागतो, तिथे थांबावे. कुणाला ते ३ किलोंवर सापडेल, कुणाला साडेतीनवर. आकडा कमी असल्याचा अभिमान बाळगण्यात काही हशील नाही. दमलेल्या हातांनी, एकाच संधीत, प्राण्याला वेदना न होऊ देता काम पूर्ण करता येईल अशी जी सर्वांत हलकी रायफल, तीच आपली.